सौदीच्या फॉर्मवरचा धर्म

माझी मुलगी सौदीतल्या एका इस्पितळात नर्स होती. जावई तिथंच एका कंपनीत सुपरवायझर. मुलीला आठवा महिना लागला तेव्हा मी ठरवलं, बाळंतपणाला आपण पोचायचं. तिकडे ना सासू ना जाऊ, ना हाक मारली तर धावून येणारी शेजारीण. जावयाची ड्यूटी बारा तासांची. ही २०१० च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा देवरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होते आणि नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी दिलेली तारीख सहा आठवड्यांवर होती. तेवढ्यात व्हिसा काढायचा होता.

त्या देशात तेव्हा टुरिस्ट नावाचा प्रकारच नव्हता. सहज बघायला जावं म्हटलं तर दारच नाही. आत बोलावणारा कोणीतरी तिथं असला पाहिजे, त्याने तिकडच्या सरकारकडून शिक्क्याचं पत्र आणलं पाहिजे, मी मुलीचीच आई आहे हे तिच्या जन्मदाखल्यावरून सिद्ध झालं पाहिजे, तो दाखला मुंबईपर्यंत शिक्के खात गेला पाहिजे, मग त्याचं अरबी झालं पाहिजे. बाईमाणूस एकटी निघाली तर विमानतळावर घ्यायला घरचा पुरुष हजर हवा, नाहीतर तिथंच बसून राहा. गोंदियाच्या बाजारातला ट्रॅव्हल्सवाला हे सगळं मला बोटांवर मोजत सांगत होता आणि शेवटी म्हणाला, “मॅडमजी, अकेली औरत का काम नहीं है ये.” मी म्हटलं, “अकेली औरतनेच पन्नास पोरांची शाळा चालवली आहे. तुम्ही कागद सांगा.”

काय न्यायचं नाही याचीही यादी होती. मूर्ती नाही, देवाधर्माचं पुस्तक नाही, फोटो नाही. माझी वंदनेची छोटी पुस्तिका मी बॅगेतून काढून कपाटात ठेवली. पण त्रिशरण-पंचशील मला पाचव्या वर्षापासून तोंडपाठ आहे, ते कोण काढून घेणार होतं? शेजारणीने बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून दिले होते, त्यांत आपल्याकडे घालतात तशी मूठभर खसखस. ट्रॅव्हल्सवाल्याला सहज बोलले तर तो खुर्चीतून उठलाच. तिकडे खसखस म्हणजे अफू, सापडली तर सरळ जेल. शेजारीण ते ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिनेच बिनखसखशीचे नवे लाडू वळले आणि “आता यात काय चव राहिली” असं चारचौघींत सांगत फिरली. त्या सगळ्या अटी मी मानल्या. दुसऱ्याचं घर आहे, त्याचे नियम त्याचे.

अडलं ते फॉर्मवर. वरून पाच-सहा ओळी खाली धर्माचा रकाना होता आणि त्याच्या शेजारी पंथाचा. ट्रॅव्हल्सवाल्याने मला न विचारताच ‘हिंदू’ लिहून टाकलं होतं. मी म्हटलं, खोडा, बौद्ध लिहा.

“मॅडमजी, एक ही बात है.”

“एक असती तर माझ्या बापाने बदलली कशाला असती?”

त्याने माझे कागद चाळले. जातीच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ असं छापलेलं. तो म्हणाला, “ये नव मतलब? नया वाला बुद्ध?” हसण्यासारखंच होतं ते, पण मला हसू आलं नाही. मी सांगितलं की ‘नव’ कचेरीवाले लावतात, आम्ही नाही. मग त्याने आवाज उतरवला. बौद्ध त्यांना समजत नाही, बौद्ध लिहिलं की पंथ विचारतात, फाइल लटकते. आणि शेवटचा हुकमाचा पत्ता त्याने टाकला: “आपकी बेटी के इकामे में हिंदू लिखा है. माँ बौद्ध, बेटी हिंदू, वो लोग बोलेंगे ये माँ ही नहीं है.”

इकामा म्हणजे तिथं राहण्याचा परवाना. मी फाइल उचलली आणि बसस्टँडवर आले. देवरीची बस येऊन गेली तरी मी बाकावरच होते.

माझा बाप सालेकशाजवळ रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये काम करायचा. अंगठेबहाद्दर. छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेला तेव्हा तरुण होता. पुढे मला शाळेत घालायला नेलं तर हेडमास्तर म्हणाले, हिंदू लिहू दे, नाहीतर पुढच्या सवलती जातील पोरीच्या. वस्तीतल्या बऱ्याच जणांनी तसं लिहू दिलं होतं, आणि त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत; पोट सगळ्यांना असतं. माझा बाप मात्र म्हणाला, “गुरुजी, मले वाचता येत नाही म्हणून काहीही लिहान काय?” आणि लिहून झाल्यावर ते पान घेऊन तो वर्गाबाहेर गेला, रस्त्यावरून चाललेल्या एका कॉलेजच्या पोराकडून वाचून घेतलं, मग परत दिलं. हेडमास्तर आयुष्यभर त्याच्यावर डूख धरून होते. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात तो रकाना हजारदा भरला असेल. प्रत्येक बापाला विचारून, प्रत्येक बापाला वाचून दाखवून.

आणि माझ्याच पोरीच्या कागदावर हिंदू.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी विचारलं तर म्हणाली, हो, नोकरीच्या मुलाखतीच्या वेळी मुंबईच्या एजंटने तसंच सांगितलं होतं, सोबतच्या पोरींनीही तसंच केलं होतं. “तवा मी तेवीस वर्षाची होती आई. मले नोकरी पाह्यजे होती.”

“मले विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर तू जाऊ दिली असती? आता तू काऊन अडून राह्यली? लिहून दे ना एक शब्द. कागदच आहे.”

“कागदच आहे तर मग खरं लिहायले काय जाते?”

तिने फोन ठेवला. आठ महिन्यांची पोटुशी पोर, हजारो मैलांवर, आणि मी तिच्याशी भांडले. मला लाज वाटली. पण पेन काही हातात घ्यावंसं वाटलं नाही. फाइल घरातच पडून राहिली. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना रोज डॉक्टरांच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजायचे.

नवव्या दिवशी मला बापाचं ते पान आठवलं. तो तरी वाचून घेतल्याशिवाय घरी गेला नव्हता. मी पदवीधर बाई, आणि ट्रॅव्हल्सवाल्याने सांगितलं ते ऐकून घेतलं! मुलीच्या इकाम्याची झेरॉक्स माझ्याचकडे होती. सगळं अरबी. गोंदियात मशिदीमागे मुलांना अरबी शिकवणारे एक म्हातारे मौलवीसाहेब होते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिथं गेले. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत उजवीकडून वाचत आले आणि त्या ओळीशी थांबले.

“बहनजी, यहाँ हिंदू कहाँ लिखा है? यहाँ तो लिखा है ग़ैर-मुस्लिम. बस.”

मी त्यांना दोनदा वाचायला लावलं. तेच. म्हणजे हिंदू काय, बौद्ध काय, त्या देशाला आमच्यातला फरक विचारायचाच नव्हता. त्यांच्या लेखी मुसलमान नाही म्हणजे नाही, पुढचं नाव तुमचं तुम्ही ठेवा. खोटं लिही असं माझ्या मुलीला सौदीने सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते इथल्या, आपल्याच माणसांनी, मुंबईत एका टेबलाशी बसून. मला इतका संताप आला की मौलवीसाहेबांनी पाणी मागवलं.

तशीच ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेले. झेरॉक्स त्याच्या टेबलाच्या काचेवर आपटली आणि विचारलं, यातलं एक अक्षर तरी तुला वाचता येतं का? दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळ्यांनी ऐकलं. त्याने मुकाट नवा फॉर्म काढला. धर्म बौद्ध. पंथाच्या रकान्याशी येऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तिथं रेघ मारा.

व्हिसा आला, कोणी काही विचारलं नाही. पण मुलगी तारखेच्या आधीच मोकळी झाली. माझा पासपोर्ट मुंबईहून परत निघाला त्याच दिवशी जावयाचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. मी तिकडे पोचले तेव्हा नात आठ दिवसांची होती. ते नऊ दिवस मी घालवले नसते तर पोचले असते, हा हिशेब मला कोणी करून दाखवायची गरज नव्हती.

जावयाने दार उघडून मला आत सोडलं आणि तो कामावर गेला. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, डोळे खोल गेलेले. मी पिशवीतून लाडू काढले. तिने एक मोडला, खाल्ला. मग म्हणाली, “इस्पितळात भरती होताना त्यांनी धरम विचारला. कळा येऊन राहिल्या होत्या. मी सांगितलं बुद्धिस्ट. फॉर्म भरणाऱ्या बाईले लिहिता येईना. मी एकेक अक्षर सांगितलं. मधात कळ आली का थांबायची, मग पुढचं अक्षर.”

मी विचारलं, “कायले?”

“तुझ्यावरचा राग. तू नाही आली तर नाही, पण माझ्या पोरीच्या कागदावर मीच लिहीन म्हटलं.”

ती बाळाची दुपटी नीट करू लागली. मला वाटलं बोलणं संपलं. तेवढ्यात मान वर न करता म्हणाली, “बरोबर तूच होती आई. पण त्या रात्री मी तुलेच हाका मारून राहिली होती.”