चकव्यानं घेतलेलं नाव

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सिद्धम्मा, यांनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. त्यात काय मोठंसं, त्या काळी कुणीच काढत नसे, असं तुम्ही म्हणाल. पण बाकीच्या बायका निदान हळदीकुंकवाला, बारशाला उखाण्यात तरी घेत. आत्याबाई उखाण्यातही घेत नसत. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, अशी त्यांची श्रद्धा. आणि मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बारा महिने खोकला.

शेजारच्या धुरपदाबाई फार मागे लागल्या की आत्याबाई म्हणत, "तुमचे मालक बैलासारखे धडधाकट हायेत, तुम्ही खुशाल घ्या. आमच्याकडं आधीच किडमिडीत. त्यातलं काय कमी करू?"

मामंजींचं नाव सोमलिंगप्पा. आम्ही लिंगायत, रात्रंदिवस महादेवाचं नाव घेणारी माणसं, त्यामुळं बाईंची पंचाईत पावलोपावली. सोमवार म्हणायचं नाही, 'महादेवाचा वार' म्हणायचं. गळ्यातलं इष्टलिंग म्हणजे 'गळ्यातले देव'. आणि आमच्या येडशी गावाजवळ जंगलात रामलिंगाचं जुनं देऊळ आहे, ते 'दरीतले महादेव'. नव्या पाहुण्याला हे समजायला दोन दिवस लागत.

निजामाचं राज्य होतं. शिरगणतीला एकदा सरकारी कारकून दारात आला. घरात पुरुष माणूस नव्हतं. तो म्हणाला, "शौहर का नाम?" आत्याबाई गप्प. त्यानं परत विचारलं. बाईंनी पदर पुढं ओढला आणि आभाळाकडं बोट केलं. त्यांना म्हणायचं होतं, वर कैलासात बसलाय त्याचंच नाव. कारकुनानं मान हलवली आणि हळहळून विचारलं, "मर गया?"

त्यापुढं काय झालं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बाईंना उर्दू येत नव्हती आणि त्या कारकुनाला मराठी येत नसावी, पण त्याला सगळं समजलं. पायताण हातात घेऊन तो पळाला.

अशा या बाईवर नाव घ्यायची वेळ आली ती दिवाळीनंतरच्या वनभोजनाला.

दिवाळी झाली की आम्ही घरचे सगळे पायी रामलिंगाला जात असू. मोठ्या लढाईची वर्षं होती, रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, पण जंगल आणि नदी तिथंच होती. मामंजी, आत्याबाई, मामंजींचे धाकटे भाऊ रेवणप्पा काका, आमचे हे, मी आणि पोरं. टोपल्यात भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, दह्याचं मडकं. शिवाय आत्याबाईंच्या कमरेला मामंजींच्या काढ्याची बाटली. अडुळशाचा तो काढा नुसता हुंगला तरी माणसाचा खोकला भीतीनं थांबावा.

माळ संपला की वाट दरीत उतरते. दोन्ही अंगांना साग, पळस, करवंदीच्या जाळ्या, खाली खडकाखडकांतून नदी वळसे घेत जाते. पोरं सारखी वाट सोडून पळत. त्यांना धाक बसावा म्हणून मामंजींनी चालता चालता चकव्याची गोष्ट काढली.

"ह्या रानात चकवा हाय बरं का. तुमी एकटं सापडला की तो घरच्या माणसाचा आवाज काढतो. अगदी हुबेहूब. आन् नावानं हाक मारतो. ओ दिली की संपलं, रानातच फिरवतो जन्मभर."

"मग काय करायचं आज्जा?"

"ओ द्यायची न्हाय. आई हाक मारू दे, बाप मारू दे, दात दाबून बसायचं. शिवशिव म्हणायचं."

"पोरांना कशाला भिववता?" आत्याबाई म्हणाल्या. "तुमीच घाबराल."

"मी? मी चकव्याला दहा कोसांवरनं वळखतो."

नदीत पाय धुऊन दर्शन घेतलं, पूजा झाली, काठावर झाडाखाली पंगत बसली. जेवणं उरकली आणि आत्याबाईंनी बाटलीचं बूच काढलं. मामंजी उठले. "जरा सीताफळं बघून येतो," म्हणाले आणि पलीकडच्या घळीत शिरले. आमच्या डोंगरांत त्या दिवसांत सीताफळं पिकून फुटतात हे खरं, पण काढ्याची वेळ झाली की मामंजींना नेहमीच काहीतरी बघून यायचं असे.

आम्ही भांडी घासली, पोरं डुंबली, एक डुलकीही झाली. उन्हं कलली तरी मामंजींचा पत्ता नाही.

रेवणप्पा काका घळीच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "दादाऽ! सोमलिंगदादाऽ!" समोरचा कडा ओरडला, "दादाऽ!" मागचा कडा ओरडला, "दादाऽ!" मामंजी काही ओरडले नाहीत. मग आमच्या ह्यांनी हाका मारल्या. पोरांनी मारल्या. एवढा कालवा झाला की झाडांवरची वानरं उठून दुसरीकडं गेली.

काका आणि हे घळीत थोडं आत जाऊन आले. आत तीन फाटे फुटले होते आणि सगळीकडं सीताफळीची दाट झाडी. लांब येडशीच्या ठेसनात संध्याकाळच्या गाडीची शिट्टी झाली. काका हळूच ह्यांना म्हणाले, "गेल्या महिन्यात बिबट्यानं ह्याच अंगाला वासरू नेलंय." हळूच म्हणाले, पण काकांचं हळू म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाणारं.

आत्याबाई खडकावर बसल्या होत्या. त्या उठल्या.

"ते ओ का देत न्हाईत, मला कळलं," त्या म्हणाल्या. "पडलेत कुठंतरी. शुद्ध न्हाय. तुमच्या हाकेनं उठायचे न्हाईत. घरात तरी कुणाच्या हाकेनं उठतात?"

हे खरं होतं. मामंजी रोज बाईंच्याच आवाजानं उठत. पण घरात त्या 'अहो, ऐकलं का' म्हणत आणि घरात ऐकणारा एकच होता. इथं एवढं रान, एवढे कडे. बेशुद्ध माणसाला नावच ऐकू जाईल, असं त्यांनी धरलं.

त्या देवळाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घट्ट घेतला, गळ्यातले देव मुठीत धरले. ओठ हलत होते. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "महादेवा, आयुष्य कमी करायचं तर माझं कर. त्यांचं मुळातच थोडं हाय."

काकांनी टोपी काढून परत घातली.

मग आत्याबाईंनी श्वास भरला आणि इतक्या वर्षांचं साठलेलं नाव एकदम सोडलं.

"सोमलिंगाऽऽ!"

सवय नव्हती ना. 'आप्पा' नाही, 'अहो' नाही, शेतातल्या गड्याला मारावी तशी सरळ हाक. दोन्ही कड्यांनी ती झेलली आणि तिन्ही फाट्यांतून 'सोमलिंगाऽ' घुमत गेलं.

मग घळीच्या वरच्या अंगाला झाडी सळसळली. एक खोकला आला. त्यापाठोपाठ एक धोंडा आला आणि काकांच्या पायाजवळ पडला. आणि मग मामंजींचा आवाज, "नमः शिवाय! नमः शिवाय!" दर 'शिवाय'ला आणखी लांब जाणारा.

"पळतोय दादा!" काका म्हणाले. "अरे, उलटं पळतोय!"

आत्याबाई पुतळ्यासारख्या उभ्या. "म्या नाव घेतलं," त्या पुटपुटल्या, "आन् माणूस पळून गेलं?"

पण पुतळा फार वेळ टिकला नाही. पलीकडं धोतर काट्यात अडकून टर्रकन फाटल्याचा आवाज आला, आणि बाईंचा राग बाहेर पडला.

"अहो! ऐकलं का! त्ये नवं धोतर हाय! कंट्रोलचं कापड, रांगेत उभं राहून आणलंय! फाटलं तर म्या शिवणार न्हाय, सांगून ठेवते! काढा तसाच राहिलाय बाटलीत, तो काय वानरांना पाजू? आन् त्या करवंदीत कुठं शिरताय, डोळे हायेत का काढून ठेवलेत?"

नमः शिवाय थांबलं. सळसळ थांबली.

"आलोऽ!" घळीतून आवाज आला. कसा गोड, गरीब आवाज! "आलो गं, आलो!"

मामंजी उतरून आले. धोतराच्या ओच्यात सीताफळं, अंगभर ओरखडे, चेहरा मात्र लढाई जिंकून आल्यासारखा.

"वाचलो," ते म्हणाले. "चकवा लागला होता. वाट सापडंना म्हणून बसलो तर हाका सुरू. आधी रेवणचा आवाज काढला, मग पोराचा, मग नातवंडांचा. म्या दात दाबून बसलो. तर काय केलं बेट्यानं? हिचा आवाज काढला! काय सांगू, हुबेहूब. म्या ओ देणारच होतो. पण तिथंच फसला." त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. "नाव घेतलं ना त्यानं! मग माझ्या टाळक्यात आलं, हे सोंग हाय. माझी बायको मरंल पण नाव घ्यायची न्हाय. दिला धोंडा फेकून!"

काका नदीकडं बघू लागले. आमचे हे धपाट्याचं फडकं नको तितकं घट्ट बांधत होते. पोरं तोंड उघडणार तोच मी त्यांच्या हातात एकेक सीताफळ दिलं.

आत्याबाईंनी बाटलीचं बूच काढलं. "घ्या," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मामंजींनी काढा तोंड वाकडं न करता सगळा प्याला.

घरी आल्यावर चुलीपाशी दोघीच होतो. मला राहवेना. "आत्याबाई, त्या नावाचं आता मनाला लावून घेऊ नका."

"कुठल्या नावाचं?" त्या भाकरी थापतच म्हणाल्या. "ज्याचं नाव त्यानंच चकव्याच्या माथी मारलं. आयुष्य कमी व्हायचं तर त्या चकव्याच्या नवऱ्याचं होईल."

मामंजी त्यानंतर पुष्कळ जगले, खोकत खोकत, निजाम गेला तरी. धुरपदाबाईंना ते स्वतः सांगत, "प्रत्यक्ष चकव्याला जमलं, पण हिला जमणार न्हाय." दर दिवाळीनंतर आम्ही दरीत उतरायचो, तेव्हा घळ जवळ आली की मात्र ते चाल मंद करत आणि मागं वळून म्हणत, "तू जरा बोलत राहा गं. म्हणजे कळतं, तूच हैस."

आत्याबाईंना तेवढं पुरे असे. घळीचं तोंड मागं पडून देवळाचा कळस दिसेपर्यंत त्या धोतर, काढा, उधळेपणा आणि सासरची सगळी माणसं यांच्यावर एका दमात बोलत. मामंजी पुढं निर्धास्त चालत.