‘सोड’ न म्हणणारी बाई

कुसुमताई गेल्या ते मला पालघरच्या बाजारात कळलं, तेही तीन दिवसांनी. सुके बोंबील देता देता कोळीणबाई म्हणाली, “तुमची ती बोयसरची नर्सबाय गेली ना... तुमाला म्हायती नाय?” बोंबील तिथेच टाकून मी निघाले. पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. एका पुढाऱ्याने त्यांना व्यसनमुक्तीची धगधगती ज्योत म्हटलं. डोंबलाची ज्योत! ज्या बाईने जन्मात एकाही पोराला ‘सोड’ म्हटलं नाही, तिच्या फोटोसमोर कॉलेजची पोरं उभी करून या लोकांनी त्यांना नशा सोडायची शपथ घ्यायला लावली. शपथ! मी उठून बाहेर आले, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं कोण जाणे. महिना होत आला, राग उतरत नाही, म्हणून लिहितेय.

हेमंत माझा धाकटा भाऊ. आम्ही शिरगावचे. मी शाळेत शिकवत होते. हेमंत बोयसरच्या एका कापड कारखान्यात मागावर लागला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. वर्षभरात म्हणायला लागला, माग माझं नाव घेतात. मग सुट्टीच्या दिवशी घरातही त्याला आवाज ऐकू येऊ लागले. पाळी सुटली की कारखान्यामागे चिलीम फिरायची, त्यात हाही असायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि गांजा बंद करा म्हणाले. सांगायला काय जातं! बंद करायचा कसा, ते सांगायला कोणाला वेळ नव्हता. गावात कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे लग्न लावून द्या. ज्याला स्वतःचं ताट सुधरत नव्हतं, त्याच्या गळ्यात परक्याची पोर बांधायला निघाले होते मेले!

कुसुमताई बोयसरच्या दवाखान्यात नर्स होत्या. माहेर सांगलीकडचं, नवरा बोयसरच्याच एका कारखान्यात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “हेमंतराव, दिवसाला किती?” त्याला हेमंतराव म्हणणारं तेव्हा जगात दुसरं कोणी नव्हतं. तो आमच्याकडे बघायला लागला, तशा त्यांनी मला आणि आईला सरळ बाहेर काढलं. दाराआडून मी ऐकलं, “पाच.” आम्हाला तो एक सांगायचा. “का ओढता?” “ओढली की आवाज लांब जातात.” “आणि मग?” “मग जास्त जोरात येतात.” “हे तुमचं तुम्हीच सांगितलंत हं, मी नाही.” गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि दुपारच्या चिलमीच्या वेळी त्यांच्या घरी जायचं, एवढंच त्यांनी ठरवून दिलं. तिथे तो त्यांच्यासोबत मोड आलेले वाल सोलत बसायचा. हाताला काम पाहिजे, कानाला उपदेश नको, असं त्या म्हणायच्या. तीन महिन्यांत पाचाच्या तीन झाल्या. हेमंत नीट झोपायला लागला, आवाजही कमी झाले.

पण आम्हाला तीन नको होत्या, शून्य पाहिजे होतं. आई म्हणायची, “पोरगा तीन वडतो आनि ती बाय त्याला शाबास म्हनते!” मी तर शिकलेली, मला जास्तच घाई. एका सकाळी त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून मी शपथ घातली. ओढलीस तर ताई मेली म्हणून समज. आईने गोळ्यांची बाटली खाडीत फेकली. “नशा म्हंजे नशा. त्या गोळ्यांनी पन झोप येते ना?” मी बघत उभी राहिले. चौथ्या दिवशी त्याने ओढली. पाचव्या दिवशी तो न्हाव्याकडून डोकं भादरून घरी आला. मी पुढे गेले तर भिंतीला चिकटला आणि ओरडला, “ही ताई नाय! ताई मेली. मी मारली.”

कुसुमताईंचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. “शपथ कोणी घातली?” मी मान खाली घातली. “पोराच्या डोक्यात आधीच इतके आवाज, त्यात तुम्ही तुमचा एक घातलात!” त्या स्वतः त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आणि मला रोज दुपारी त्यांच्या घरी त्याच्यासमोर बसवून म्हणायला लावलं, “हेमंत, शपथ सुटली.” लहान पोरं खेळताना म्हणतात तसं. तो माझ्याकडे बघायचाही नाही. तीन आठवडे मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलले. मग एक दिवस वाल सोलता सोलता तो म्हणाला, “ताई, तुला सोलता येत नाय. अर्धे मोडतेस.” मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

नंतर पुन्हा पाचापासून सुरुवात. दोन वर्षं लागली. मध्ये दोनदा आकडा वर गेला. कुसुमताई म्हणायच्या, “सांगितलंत ना खरं? मग झालं.” आज हेमंत सायकली दुरुस्त करतो, गोळ्या घेतो, गांजा ओढत नाही. हे सभेत कोणी सांगितलं नाही. त्यांना ज्योत पाहिजे होती ना!

गेल्या रविवारी आम्ही दोघं कुसुमताईंच्या यजमानांना भेटायला गेलो. ओट्यावर येणारी-जाणारी माणसं बसायची तो लाकडी बाक अजून तसाच, त्यावर मनोरची एक बाई मुलाला घेऊन बसलेली. कुसुमताई गेल्याचं तिला तिथेच कळलं होतं, पण उठून जायचं कुठे ते कळत नव्हतं. मला बघून घाईघाईने म्हणाली, “आता वडत नाय हो तो. मला वचन दिलंय त्याने.” मुलगा जमिनीकडे बघत होता. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेमंत त्याच्या शेजारी जाऊन बसला.

“काकी, तुमी जरा आत जाऊन चहा घ्या,” तो म्हणाला. ताई, तूपण जा, असं मला डोळ्यांनीच सांगितलं.

दाराआड मी थांबलेच. “दिवसाला किती?” हेमंतने विचारलं. तो मुलगा हळूच म्हणाला, “चार.”