फिनीसाठी राखून ठेवलेलं वाळूचं फूल

हेसेकिएल गारिसेब आयुष्यभर वाळूतून फुलं काढत आला. ल्युडेरिट्झ बंदराजवळ, खाडीमागच्या खारट ओल्या वाळूत कोपरभर खाली जिप्समच्या स्फटिकांची ही फुलं लागतात. ओली असताना इतकी ठिसूळ, की फावडं लागलं तर संपलंच. हेसेकिएल बोटांनीच उकरायचा, सावलीत वाळवायचा आणि बाहेरच्या पाहुण्यांना विकायचा. घरात मात्र एकही नव्हतं.

त्याची बायको फिनी मासळीच्या कारखान्यात राबायची. तिला कपाटावर मांडायला एक फूल हवं होतं, बस एवढंच.

एकदा त्याला चांगलं वीतभर रुंद फूल लागलं. बारकं फूल पुन्हा बुजवून वाढू द्यायचं, अशी तिथल्या उकरणाऱ्यांची रीत. याने हे मोठंही बुजवलं, वर शिंपल्यांची खूण केली आणि घरी येऊन सांगितलं, "फिने, तुझं फूल सापडलं!"

"मग रिकाम्या हातांनी कसा आलास?"

"अजून वाढू दे. समुद्राचं पाणी वाळूत झिरपतं, वरून वारा सुकवतो. पाणी उडून जातं, त्यातला क्षार मागे राहतो आणि वाळूचे कण धरून पाकळी बांधतो. हातभर होईल बघ!"

"हातभर घेऊन मला काय दुकान मांडायचंय? वीतभर बास की, हेसे!"

"तुला घाईच फार."

घाई! बाईने अकरा वर्षं वाट पाहिली. दर वर्षी विचारायची, दर वर्षी हा शहाणा तेच सांगायचा. त्याला तिला थक्क करायचं होतं. प्रेमच होतं ते, पण तिच्या काय कामाचं?

बाराव्या वर्षी फिनीच्या छातीने दगा दिला. अंथरुणातून म्हणाली, "आता नुसतं दाखव तरी."

"थोडी बरी हो, दोघं मिळून काढू."

त्याच आठवड्यात ती गेली.

माती दिल्यावर चौथ्या दिवशी तो खाडीमागे गेला. शिंपले बाजूला सारून त्याने फूल अलगद मोकळं केलं आणि त्यावर वीत लावली. मग पुन्हा लावली, दुसऱ्या हाताची. दोन्ही खेपेला माप तेच आलं.

"चुकलो गं, फिने," म्हणत तो तिथेच बसून हमसून हमसून रडला. तिने पहिल्यांदा मागितलं तेव्हा होतं, तेवढंच होतं ते.