निनावी पानावरची सही

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईंना पोरं पाठीमागे भोंगाबाई म्हणत. पुढ्यातही म्हटलं असतं, पण तेवढी छाती कुणाची नव्हती. सकाळी त्यांनी नवऱ्याला "अहो, चष्मा!" अशी हाक मारली की आजूबाजूच्या तीन घरांतली माणसं आपापले चष्मे शोधायला लागत. शाळेत त्यांनी चौथीला पाढा सांगितला की भिंतीपलीकडची तिसरी तो फुकटात पाठ करून टाकी. सव्वीस वर्षं त्यांनी वर्ग चालवला तो या गळ्याच्या जोरावर. छडी कधी हातात धरली नाही. धरायची गरजच काय होती?

तो गळा सहामाही परीक्षेनंतर बसला. आधी वाटलं, सर्दी. मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफारे झाले, शेजारणींची उपदेशाची पोतडी रिकामी झाली. शेवटी डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं.

"गाठी आल्यात, बाई. साध्या आहेत, घाबरू नका. पण ओरडणं बंद."

"मी ओरडत नाही, डॉक्टर. मी शिकवते," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"मग जरा हळू शिकवा," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठीवर त्याच वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

हळू! चौथीत एकेचाळीस पोरं. आठवड्याभरात त्यांना वास लागला की भोंगा बिघडलाय. मग काय विचारता! बाई फळ्याकडे वळल्या की मागच्या बाकांवर बाजार भरे. भागाकार शिकवायला घेतला तो पंधरा दिवस पहिल्याच पायरीवर बसून राहिला. तिसरीच्या बाई खिडकीतून डोकावून गेल्या, तेव्हा तर भोंगाबाईंना धरणी दुभंगावी असं झालं.

शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बोलायला गोड. त्यांनी बोलावून घेतलं.

"पुढच्या महिन्यात मी येऊन बसते तुमच्या वर्गात. जमत असेल तर उत्तमच. नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ आणि तुम्ही ऑफिसात दाखले लिहा. अक्षर किती सुरेख आहे तुमचं!"

अक्षराचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा बाईंना नकोसं झालं. ऑफिसची खोली त्यांना ठाऊक होती. तिथे एक कपाट, एक पंखा, आणि पोर एकही नाही.

आता आसपासच्या पाच शाळांमध्ये एक फिरती वही होती. जाड पुठ्ठ्याची, कापडी पिशवीतली; जो कुणी त्या बाजूला निघाला असेल त्याच्या हाती पुढच्या शाळेत जायची. शिक्षकांनी अडचण लिहायची, बाकीच्यांनी खाली सल्ला. त्यातले अर्धेअधिक सल्ले आपल्या बाईंचे. पुलापलीकडच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी एक कोवळे सर आले होते. त्यांनी हौसेनं लिहिलं होतं, की मी फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित लिहितो आणि गप्प बसतो. पोरं चूक शोधतात. त्याखाली बाईंनी ठोकलं होतं, "वर्ग म्हणजे कोड्यांचा कट्टा नव्हे. शिक्षकाचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत पोचला पाहिजे." तेव्हापासून त्या सरांना सगळे चुकीचे सर म्हणत.

अशा वहीत आता स्वतःचं रडगाणं लिहायचं कोणत्या तोंडानं? बाईंनी शक्कल काढली. नवऱ्याचं निळं पेन घेतलं, सुरेख अक्षर उलट्या अंगाला कलतं केलं आणि नाव न घालता लिहिलं: "एका शिक्षिकेचा आवाज गेला आहे. वर्ग ऐकत नाही. वर्ग हातचा जाईल अशी भीती आहे. काय करावं?" मग टेबलावरचं पेन उचलून, सवयीप्रमाणे मजकूर एकदा शेवटपर्यंत नजरेखालून घातला आणि वही पिशवीत टाकली.

दहा दिवसांनी वही परत आली. चार शाळांची उत्तरं जागा पुरेना म्हणून पुढच्या पानावर होती; बाईंनी घाईनं तेवढंच पान उघडून वाचलं. एकीनं लिहिलं होतं, "निनावी बाईंना नमस्कार. सव्वीस वर्षं राबलेला गळा आहे, त्याला रागावू नका." बाईंना वाटलं, काय अंदाज बांधतात लोक! चुकीच्या सरांचं उत्तर सर्वांत छोटं होतं. "त्या बाईंना म्हणावं, गुरुवारी माझ्या वर्गात येऊन बसा. कुणी काही विचारणार नाही."

बाई गेल्या. "सहज, या बाजूला आले होते," असं फाटकावरच सांगून टाकलं. सरांनी मान डोलावली आणि मागच्या बाकावर जागा दिली.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, चौऱ्याऐंशी भागिले सात, उत्तर तेरा. आणि खाली बसले. बाईंचा हात लाल पेनासाठी पर्सकडे गेला. वर्गात आधी कुजबुज, मग शांतता. एक पोरगा उठला, एक पोरगी उठली, फळ्यापाशी हळू आवाजात भांडण जुंपलं. "सातानं तेराला गुणून बघ ना!" "एक्क्याण्णव येतात की!" सर गालावर हात ठेवून बसलेले. तास संपला तेव्हा सर सगळी मिळून चार वाक्यं बोलले होते. बाईंनी मोजली होती.

"पोरं गप्प कशी बसतात हो?" बाहेर येता येता बाईंनी विचारलं.

"मी चुकलोय म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचतच नाही, बाई. मोठ्या माणसाची चूक सापडण्यासारखी मजा नाही. तुमच्या वर्गाला पाठवतो ना पाकीट. दहा गणितं, तीन चुकीची. तुमचा वर्ग ती शोधेल, मग उलट तुम्ही आम्हाला पाठवा."

पाकीट आलं. दुसऱ्या शाळेनं आव्हान दिलंय म्हटल्यावर एकेचाळीस डोकी एका टेबलाभोवती गोळा झाली. पण खरी कसोटी बाईंचीच होती. स्वतःच्या फळ्यावर, स्वतःच्या हातानं चूक लिहायची! पहिल्या दिवशी खडू दोनदा मोडला. लिहून खाली बसल्या तर कानशिलं तापली. आणि मग ऐकू आली ती शांतता. मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "बाई, सातानं भागलं तर बाकी सातापेक्षा मोठी कशी राहील?" बाईंना रडू यायचंच बाकी होतं.

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी फळ्यावर शहाण्णव भागिले आठ होतं, उत्तर अकरा, बाकी आठ. मोठ्या बाईंनी दोन मिनिटं कळ काढली. मग न राहवून पुढे वाकल्या.

"अहो बाई, ते चुकलंय..."

"शूऽऽ!" एकेचाळीस तोंडं एकदम वळली. "सांगू नका! आमचं आम्ही शोधतोय!"

मोठ्या बाई परत मागे टेकून बसल्या. तास संपल्यावर दारात म्हणाल्या, "दाखले लिहायला दुसरं कुणीतरी बघते. वर्ग तुमच्याकडेच राहू दे. आणि मला आज कुणी गप्प केलं हे शाळेत सांगू नका."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या हलक्या पावलांनी, जणू महिनाभर डोक्यावर ठेवलेला हंडा कुणी उतरवून घेतला. चहा बाजूला ठेवला आणि आधी आभार मानायला, पुन्हा फिरून आलेली वही उघडली. आपलं ते निनावी पान काढलं आणि डोळे विस्फारले. मजकुराखाली लाल शाईची ठसठशीत बरोबरची खूण होती. खाली 'तपासले'. त्याखाली तारीख. आणि बाईंची लफ्फेदार सही.

"अगं बाई गं!" त्या डोकं धरून खाली बसल्या. "म्हणजे पाचही शाळांना माहीत होतं! आणि एकानंही दाखवलं नाही!"

नवऱ्यानं चष्मा पुसून पान पाहिलं आणि पोट धरून हसला. बाईही हसल्या, घोगऱ्या, फाटक्या आवाजात. तो आवाज दारापर्यंतही गेला नाही. मग त्यांनी चुकीच्या सरांची पद्धत त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावली.

"म्हणजे चूक करायची आणि गप्प बसायचं?" तो म्हणाला. "ते मी तीस वर्षं करतोय. मला कुणी वर्ग दिला नाही."