धुरावरची कार्डं

कॉम्प्युटरच्या इतिहासावर जाणत्यांनी लिहावं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि ते यंत्रही मी काचेपलीकडूनच पाहिलेलं. तरी लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. मी मुंबईत गणित शिकत होतो. सर म्हणाले होते, "तुझा प्रोग्राम यंत्रावर चालला, तरच अणुकेंद्राच्या प्रशिक्षणासाठी नाव पाठवीन." प्रोग्राम वर्गमुळांचा होता. जाड कागदाच्या कार्डांवर छिद्रं पाडून तो यंत्राला द्यायचा. छिद्रं यंत्रावरच्या माणसाने पाडून दिली होती; ती तपासायला मी कार्डं मासवणला घरी आणली.

बाला, म्हणजे माझ्या वडलांना, मी सांगितलं, की असं यंत्र शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका गणितज्ञाने योजलं होतं. कार्डांची युक्ती त्याने विणकराच्या मागावरून घेतली. यंत्र पुरं व्हायच्या आतच तो वारला.

"पुरं नाय झालं? मंग तू कशाला लागलास त्याच्या मागं?" बा हसला. पण माझी काळजी त्याने ओळखली होती. पावसाळी हवा, घर गळकं. मी शेतावर असताना त्याने कार्डं चुलीवरच्या माळ्यावर, भाताच्या बियाण्याशेजारी ठेवली.

"धुरावर वस्तू खराब होत नाय. बियाणं नाय का ऱ्हात?"

मी खाली काढली तेव्हा कार्डं काळपट होऊन वाकली होती. तशीच पिशवीत भरली. मुंबईला जाऊन ती यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरपुढे ठेवली.

"कार्डं आणलीस की भाजलेले पापड?" तो म्हणाला. "यंत्रात अडकतील. नवी पंच कर."

"आजच करतो."

"अख्खा गठ्ठा?"

"हो."

पंचिंगचं यंत्र मी कधी चालवलं नव्हतं. एक छिद्र चुकलं की ते कार्ड फेकून नवं घ्यायचं. बोटं दुखायला लागली. उठावंसं वाटलं की त्या गणितज्ञाचा विचार करायचो. त्याच्याकडे तर कार्डं घालायला यंत्रही नव्हतं. संध्याकाळी गठ्ठा ऑपरेटरच्या हाती दिला. माझी पाळी पुढच्या आठवड्यात होती, आणि घरी आवणीला माणसं कमी होती, म्हणून परतलो.

भात लावताना रोज रस्त्याकडे बघायचो. शेवटी बोईसरचा माझा वर्गमित्र सायकल ढकलत बांधावर आला.

"चाललं रे तुझं! उत्तरं बरोबर आली. सरांनी नाव पाठवलंय."