टक आधी का खर्र आधी?

बेळगावपासून निपाणीपर्यंत जेवढी मशीनं फिरत्यात, त्या सगळ्यांची दुखणी आमच्या अण्णांना पाठ हाईत. बायकोचा कुठला गुडघा दुखतोय, ते तेवढं दरवेळी विचारायला लागतंय. आमच्या फाउंड्रीत मेंटेनन्सचे सगळ्यात जुने इंजिनियर अण्णा, आणि त्याच खात्यात सगळ्यात नवा मी. कॉम्प्युटरवर अलार्म आला तरी अण्णा तिकडं ढुंकून बघत न्हाईत. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचा, टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डॉक्टरागत डोळं मिटायचं. मग कन्नडात हळूच, "एनातव्वा?" म्हणजे काय झालं गं बाई? माणसाला मराठी, मशीनला कन्नड आणि ऑडिटरला इंग्लिश, ते पण 'नो प्रॉब्लेम' एवढंच. एकदा ब्लोअर खडखडायला लागला, आम्ही चौघं अख्खा खोलायच्या तयारीत. अण्णा म्हणाले, "हा खरा खोकला न्हाय रं. सासूला ऐकवायचा खोकला हाय." जाळीचा एक बोल्ट आवळला, खोकला बंद.

मी कॅन्टीनमध्ये चमचा कानाला लावून त्यांची नक्कल करायचो. ते मागं उभारून बघायचे आणि म्हणायचे, "मूठ अजून वर धर, गाढवा."

एके दुपारी कॉम्प्रेसरला स्क्रू ड्रायव्हर लावून म्हणाले, "आता बघ कशी गोड चाललीया!" तो कॉम्प्रेसर मी नुकताच बंद केलता, चालू होता तो शेजारचा. सगळे हसले, मीपण हसलो. अण्णा काय हसले न्हाईत. मला बाहेर नेऊन म्हणाले, "कान गेल्यात रं माझं. कुणाला बोलू नकोस. साहेबांना कळलं तर स्टोअरात बसवतील, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. आठ दिवस जगणार न्हाय मी तिथं."

पुढच्याच आठवड्यात भट्टीचा मोठा पंप कण्हायला लागला. मोठे साहेब स्वतः येऊन उभारले. अण्णांनी डोळं मिटलं, उघडलं आणि माझ्याकडं बघितलं. "ए नकल्या, काढ आवाज."

मी त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावून ओरडलो, "खर्र्र टक! खर्र्र टक!"

"नीट ऐक. टक आधी का खर्र आधी?"

मी परत पंपाजवळ गेलो, आलो. "टक आधी, अण्णा!"

"मग बेअरिंग न्हाय. मोटारीचा न् पंपाचा सांधा, कपलिंग खोला."

खोललं, तर आतल्या रबराचा पार भुगा झालता. साहेब खूश. म्हणाले, "काय जोडी हाय तुमची! नाटक पण करतासा व्हय?"

मी हसून वेळ मारून नेणार, तेवढ्यात साहेबांच्या ओठांवर नजर ठेवून अण्णाच बोलले. "नाटक न्हाय साहेब. मला ऐकू येत न्हाय. ह्या पोराच्या गळ्यातनं ऐकतोय."

साहेबांनी रबराचा भुगा बोटांनी चोळून बघितला. मग म्हणाले, "एकट्यानं मशीनजवळ जायचं न्हाय. हा संगं असंल तरच." एवढंच. स्टोअरचं नाव निघालं न्हाय.

परवा डबा खाताना अण्णा म्हणाले, "मी कामाला लागलो तवा एक लेथ होती. तिचा आवाज काढ की रं." ती लेथ मी यायच्या आधीच भंगारात गेली, मी काय कप्पाळ काढणार? तरी सुरू केलं. "बारीक कर," ते म्हणाले. "अजून बारीक. अजून." शेवटी माझा नुसता श्वास राहिला. तशी अण्णांनी भाकरी खाली ठेवली, डोळं मिटलं आणि म्हणाले, "व्हय. हीच ती."

माझा आवाज जमला होता, का त्यांना तो ऐकूच आला नव्हता, कुणास ठाऊक. मी तो आवाज तसाच आणखी थोडा वेळ काढत राहिलो.