बसा सर, सोडतो

आमच्या बेंबळीच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्या माणसाला मागं टाकून मोकळी गाडी पुढं नेणं हा उर्मटपणा समजतात. गाडीवाला थांबतोच. ‘बसा सर, सोडतो,’ म्हणतो. मग त्याला सांगावं लागतं, की मला कुठंच जायचं नाही, व्यायाम म्हणून चालतोय. यावर तो असा बघतो, की आपणच ओशाळतो. सकाळच्या तासाभरात असे पाच-सहाजण भेटतात. सुरुवातीला वैतागून मी ‘पुढच्या वळणापर्यंतच जायचंय’ अशी थाप मारायचो. एकजण तेवढ्यासाठीही सोडायला तयार झाला.

बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. मला चालायला सांगितलं ते डॉक्टरांनी, साखर वाढली म्हणून. तसं त्यांनी आम्हा दोघांनाही फार आधी एकाच दिवशी सांगितलं होतं. ती दुसऱ्या दिवसापासून चालायला लागली. मी लिहीत बसलो. निवृत्त मास्तराला लिहायला सकाळच बरी, असं माझं म्हणणं होतं.

आता तिच्यावरच लिहायला घेतलंय. एवढं एक पुस्तक धड झालं की पुढं काही नाही लिहिलं तरी चालेल. पण पाच-सहा पानं झाली की ते मलाच खोटं वाटायला लागतं. सोशिक, सुगरण, हसतमुख. शाळेच्या निरोप समारंभात अशी भाषणं मी ढिगानं केली आहेत. ‘हे काहीतरीच लिहिलंय’ असं तोंडावर सांगणारी एकटी तीच होती. घरात आता फॅनचाच काय तो आवाज.

चालण्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या, त्याही उशिरा. सुरुवातीचा मैलभर अंग नुसतं कुरकुरतं, तेव्हा त्याचं ऐकून परत फिरायचं नसतं. लिहितानाही पहिली दोन पानं रद्दीच निघणार, ती निघू द्यायची. दुसरी गोष्ट गुडघ्यानं शिकवली. उजवा दुखतो म्हणून मी सगळा भार डाव्यावर टाकत होतो. महिन्याभरात डावाही धरला. दुखरी जागा वाचवत चाललं की सगळी चालच बिघडते. लिहिताना मी नेमकं हेच करतोय, हे कळत होतं. पण दुखतंय कुठं, ते काही केल्या सापडत नव्हतं.

डेअरीत दूध घालून परतणारा एकजण मला रोज विचारायचा आणि मी रोज नाही म्हणायचो. गेल्या आठवड्यात त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि ती हातानं ढकलत माझ्यासोबत चालायला लागला. मला संकोच वाटला आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं. दोन दिवसांत मी कुणाशी चार शब्द बोललो नव्हतो. पाऊसपाणी झालं, म्हशीचं दुखणं झालं. मग तो म्हणाला, ‘बाई बी कधी बसल्या न्हायत बगा गाडीवर.’

तिलाही थांबून विचारत होता का, असं मी विचारलं.

‘रोज इच्यारायचो. त्या म्हणायच्या, सर यायलेत मागून. लिहायचं उरकलं की येणार हायत. म्हणून हळू चालायले.’

असं किती दिवस म्हणत होती, ते विचारायला मला धीर झाला नाही. त्यानं आपणहून सांगितलं, दोन उन्हाळे तरी. मग गाडीला किक मारली, पुन्हा एकदा बसा म्हणाला आणि गेला.

मी तिथंच उभा राहिलो. घरी आल्यावर ती चहा टाकायची, किती लिहून झालं ते विचारायची. ‘मी तुमची वाट बघितली,’ असं तिनं कधी म्हटलं नाही. मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, तो अजून गेलेला नाही.

घरी आलो, पायातल्या चपला न काढताच टेबलाशी बसलो आणि लिहिलं: मी तिच्यासोबत एक दिवसही चालायला गेलो नाही.